एका बोटाची उंची : मेळघाटच्या वाटेवरचा एक हिशेब

गेल्या जुलैमधली गोष्ट. रात्री साडेनऊच्या सुमारास परतवाड्याहून भाच्याचा फोन आला. "मामा, रविवारी या. गाडीचे टायर बदलवायचे हायेत. थोडं कर्ज काढतो. जामीनदार तुमीच." एवढे बोलून त्याने विषय संपवला. जामीनदाराला विचारायची पद्धत आमच्या घरात नाही, सांगायची आहे!

भाचा परतवाड्याला प्रवासी गाडी चालवतो. गाडी म्हणजे २०१३ सालची बोलेरो, तीही तिसऱ्या हाताची. बाजाराच्या दिवशी मेळघाटातल्या गावांची माणसे आणायची-सोडायची, लग्नसराईत वऱ्हाड न्यायचे, अडीअडचणीला पेशंट. या एका गाडीवर त्याची आई, बायको, दोन मुले आणि गाडीचा हप्ता असे सगळे बसलेले असते. त्यामुळे "टायर बदलवायचे" हे वाक्य आमच्याकडे "चप्पल बदलायची" इतके सोपे नसते.

मी कारकून माणूस. बी.कॉम. झाल्यापासून जमा-खर्चाच्या वहीत मान घालून वीस-बावीस वर्षे काढली. गाडीतले मला स्टिअरिंग आणि हॉर्न यापलीकडे काही कळत नव्हते. पण जामीनदार म्हणून सही करायची, तर कशावर करतो हे समजून घ्यावे म्हणून रविवारी सकाळी सौभाग्यवतींसह अमरावतीहून निघालो. वाटेत वलगाव लागते. पेढी नदीच्या काठी, याच परिसरात २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांनी शेवटचा श्वास घेतला. हा रस्ता ओलांडताना मी नेहमी खिडकीतून हात जोडतो. पुढे आसेगाव, पूर्णा नदी आणि दोन्ही बाजूंना सोयाबीन, तूर, संत्र्याच्या बागा. जमीन काळीभोर. पाऊस चांगला झालेला. ही काळी माती पिकाला आईसारखी, पण चाकाला मात्र सावत्र, याचा प्रत्यय पुढे दोनच दिवसांत येणार होता.

टायरवरचे आकडे

परतवाड्याला पोचलो तर भाचा मला चहासुद्धा न देता थेट टायरच्या दुकानात घेऊन गेला. तिथे एका कंत्राटदाराच्या जीपचे उतरवलेले चार टायर पडले होते. केवढे ते टायर! रुंद, दातेरी, हत्तीच्या पायासारखे. भाच्याची नजर त्यांच्यावर. "मामा, हे टाकले का गाडी उचलते पाहा. मंग कोनता नाला अन् कोनता दगड!"

मी टायरच्या बाजूवरचे आकडे वाचू लागलो. गाडीला आधी होते २१५/७५ आर १५. कंत्राटदाराच्या टायरवर होते ३१ गुणिले १०.५ आर १५. मला वाटले, दोनशे पंधराच्या जागी एकतीस, म्हणजे हा तर लहान झाला! दुकानातले म्हातारे मिस्त्री हसले. त्यांना सगळे चाचा म्हणतात. चाचांनी खडू घेतला आणि जमिनीवरच शिकवणी सुरू केली. ती मी इथे मुद्दाम लिहितो, कारण आपल्या वस्त्यांमधली कितीतरी पोरे आज गाडीवर पोट भरतात.

पहिला आकडा २१५, ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा ७५, म्हणजे टायरच्या बाजूची उंची ही रुंदीच्या ७५ टक्के. शेवटचा १५, तो रिमचा व्यास, इंचात. मधला 'आर' म्हणजे रेडियल. आता हिशेब मांडा. २१५ चे ७५ टक्के झाले सव्वा एकसष्टावर शंभर, म्हणजे १६१.२५ मिमी. अशी बाजू वर एक आणि खाली एक, मिळून ३२२.५. त्यात १५ इंची रिमचे ३८१ मिमी मिळवले की पूर्ण टायरची उंची ७०३.५ मिमी.

दुसऱ्या पद्धतीत सरळ इंच लिहितात. ३१ म्हणजे पूर्ण टायर ३१ इंच उंच, ७८७ मिमी. साडेदहा म्हणजे रुंदी साडेदहा इंच. मी खिशातली डायरी काढली. फरक ८३.५ मिमी. भाचा खूष. "म्हनजे गाडी सव्वातीन इंच वर!"

"अर्धी," मी म्हणालो. कारकुनाच्या डोक्यात एवढे तरी शिरले होते. टायर वाढतो तो मध्यापासून वर आणि खाली दोन्हीकडे. गाडी उचलली जाते ती फक्त खालच्या अर्ध्याने. म्हणजे साधारण ४२ मिमी. दीड इंचाहून थोडे जास्त. वरचा अर्धा भाग कुठे जातो? तो मडगार्डमध्ये शिरतो. आणि मडगार्ड तर जागचे हलत नाही.

रिकाम्या गाडीचे माप

भाच्याचा तरी विश्वास बसेना. चाचांनी पुढची दोन्ही चाके खोलून ते मोठे टायर तात्पुरते चढवून दाखवले. रिम अरुंद आणि टायर रुंद, त्यामुळे टायर फुगलेल्या पुरीसारखा दिसत होता. एवढ्या रुंद टायरला रिमही रुंद लागते, नाहीतर कडेचा बसाव नीट होत नाही, असे चाचांनी आधीच बजावले. गाडी रिकामी होती. स्टिअरिंग डावी-उजवी फिरवली, कुठे काही लागले नाही. भाच्याने माझ्याकडे विजयी नजरेने पाहिले.

चाचा म्हणाले, "खाली गाडीचं माप झूठ असते बेटा. सगळ्यांना बसव." मग आम्ही सगळे चढलो. मी, आमच्या सौ., भाच्याची आई म्हणजे माझी मोठी बहीण, त्याची बायको, दोन पोरे आणि दुकानातले दोन गिऱ्हाईक, तेही हौसेने. एका चाकाखाली लाकडाचा ठोकळा सरकवला, म्हणजे खड्ड्या-उंचवट्यात गाडी वाकडी होते तशी झाली. आणि भाच्याने स्टिअरिंग पूर्ण कापली. घस्स! टायरचा खांदा आतल्या पत्र्याला लागला. दुसऱ्या बाजूला कापली, पुन्हा घस्स!

आमच्या ताईने खिडकीतून डोके बाहेर काढून विचारले, "काय रे, घाटातल्या वळनावर असंच होईन का?" भाचा काहीच बोलला नाही. घाटात, भरल्या गाडीत, उतारावर, वळणावर चाक पत्र्यात घासले तर काय होईल, हे त्याला माझ्यापेक्षा चांगले कळत होते.

असे टायर टाकायचे तर गाडीचे सस्पेन्शन उचलावे लागते, मडगार्ड कापावे लागते, रिम बदलाव्या लागतात. आणि तेवढ्याने भागत नाही. चाक मोठे झाले की एका फेरीत गाडी जास्त अंतर जाते, म्हणजे गिअर जणू जड होतो. घाट चढताना इंजिन दमते, क्लच लवकर झिजतो. ब्रेक तेच, पण थांबवायचे चाक मोठे आणि जड, म्हणून गाडी थांबायला जास्त अंतर घेते. स्पीडोमीटर तर खोटेच बोलू लागतो. काटा ५० दाखवील तेव्हा गाडी ५६ ने पळत असेल. मीटरवर विसंबून घाट उतरणाऱ्या माणसाला हा सहाचा फरक महागात पडू शकतो.

त्यात कायदा. भाच्याची गाडी पिवळ्या पाटीची. आठ वर्षांवरच्या अशा गाडीला दरवर्षी पासिंग करून घ्यावे लागते. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या मूळ स्वरूपात मनमानी बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितले आहे. अपघात झाला तर विमा कंपनी पहिले बोट कुठे ठेवील, हे वेगळे सांगायला नको.

"मंग मधला टाकू," भाचा म्हणाला. चाचांनी २३५/७५ आर १५ दाखवला. हा पुष्कळ लोक बोलेरोला टाकतात. पुन्हा डायरी. उंची ७३३.५ मिमी. जुन्यापेक्षा ३० मिमी जास्त. त्याचे अर्धे, १५ मिमी. मी माझे मधले बोट आडवे करून पट्टी लावली. बरोबर एका बोटाची जाडी.

एका बोटासाठी पाच टायर. चार नव्हे, पाच! कारण स्टेपनी वेगळ्या मापाची ठेवली तर पंक्चरच्या दिवशी गाडी लंगडत चालणार. आणि बोलेरोची स्टेपनी मागच्या दारावर टांगलेली. जड टायर टांगला की दाराचे बिजागर कुरकुरते. शिवाय मीटरचा फरक चार टक्क्यांहून जास्त. गाडी खरोखर १०,००० किलोमीटर चालली की मीटर सुमारे ९,५९० दाखवणार. ऑइल बदलायला आपोआप उशीर.

मी म्हणालो, "सही करतो. पण आधी गाडी खरी कुठे अडते ते मला दाखव." योगायोगाने दुसऱ्याच दिवशी भाचीकडे जायचे होतेच.

घाट, जंगल आणि भाचीचे गाव

भाच्याची मोठी बहीण धारणी तालुक्यात आरोग्यसेविका आहे. पावसाळ्याचे चार महिने ती घरी येऊ शकत नाही, म्हणून आम्हीच जातो. गाडीत तांदूळ, तुरीची डाळ, लसूण, मुलांच्या वह्या, ताईच्या हातचा मिरचीचा ठेचा आणि ज्वारीच्या भाकरींची चळत. जुने टायर झिजलेले, पण नक्षीच्या खाचेतल्या खुणेच्या वर अजून अडीच-तीन मिमी रबर होते. ही खूण प्रत्येक टायरच्या खाचेत असते. रबर झिजून तिच्या बरोबरीला आले, म्हणजे १.६ मिमीवर, की तो टायर कायद्यानेही बाद आणि जिवालाही धोक्याचा.

परतवाडा सोडले की सातपुड्याची गाविलगडची रांग समोर उभी राहते. घटांगला रस्ता फुटतो. एक फाटा चिखलदऱ्याला, दुसरा सेमाडोहकडे. चिखलदऱ्याला धुके बघायला जाणाऱ्यांच्या गाड्यांची रांग होती. आमची गाडी सेमाडोहकडे वळली. सागाची मोठमोठी पाने पावसाने धुऊन निघालेली, मध्येच बांबूची बेटे, आणि खाली सिपना नदीचे गढूळ पाणी. हे जंगल म्हणजे मेळघाट व्याघ्र प्रकल्प. १९७३-७४ मध्ये देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाले, तेव्हाच्या पहिल्या नवांपैकी हा एक. इथे रस्ता सोडून गाडी आत घालणे गुन्हा आहे, आणि घालूही नये. ज्यांना मोठ्या टायरची हौस जंगलात फेडायची आहे, त्यांनी एवढे लक्षात ठेवावे.

कोलकास मागे पडले. 'डिजिटल गाव' म्हणून गाजलेले हरिसाल आले. तिथे चहा घेतला. तोपर्यंत डांबरी रस्ता होता आणि जुने टायर मुकाट्याने चालत होते. मी भाच्याला म्हणालो, "इथपर्यंत तर तुझ्या कंत्राटदाराच्या टायरचं काहीच काम नव्हतं." तो म्हणाला, "थांबा ना मामा. खरी परीक्षा पुढंच हाये."

फाट्यावरून आत वळलो आणि परीक्षा सुरू झाली.

पहिला पेपर दगडांचा. एक उथळ नाला, पाणी घोट्याइतके, पण तळाला काळे धारदार दगड. सातपुड्याच्या या भागात सगळा काळा बसाल्ट. पाण्याने गोल झाला तर ठीक, नाहीतर फुटलेल्या बाटलीसारखी धार. गाडी उतरली आणि मधोमध खालून 'खडाक' आवाज आला. मागच्या आसाच्या मध्ये जो गोळा असतो, डिफरन्शिअलचा, तो दगडाला लागला. आम्ही उतरलो. मी पट्टी घेऊन खाली वाकलो. दगड गोळ्यापेक्षा चांगला दोन-अडीच इंचांनी उंच होता. म्हणजे एका बोटाने काही होणार नव्हते, आणि कंत्राटदाराच्या दीड इंचानेही नाही. भाच्याने गाडी मागे घेतली, तो दगड दोन चाकांच्या मध्ये ठेवण्याऐवजी सरळ त्यावर डावे चाक चढवले, हळूच. गोळा आपोआप वर उचलला गेला आणि गाडी निघाली. चाकाची उंची नव्हे, चाकाची जागा कामाला आली.

दुसरा पेपर काळ्या मातीचा. दोन शेतांच्या मधली तीस-चाळीस पावलांची वाट. ही माती पाणी पिऊन फुगते आणि गोंदासारखी चिकटते. दहा पावले गेलो असू, चारही चाकांवर मातीचे लाडू बसले. नक्षी दिसेनाशी झाली. टायर गुळगुळीत, जणू घागरीचा तळ. मागची चाके जागच्या जागी फिरू लागली. मडगार्डमध्ये माती ठासून भरली, आणि तिथे टायर मोठा असता तर मातीला तेवढीही जागा उरली नसती!

जवळच्या शेतातून तीन कोरकू बांधव आले. एकाने काही न बोलता कुडाच्या काटक्या आणि दगड चाकाखाली घातले. भाच्याने मागच्या चाकांची हवा बत्तीस पौंडांवरून बावीसवर आणली. हवा कमी केली की टायर जमिनीवर पसरतो, पाय जसा बोटे फाकवून टेकतो तसा. आम्ही सगळ्यांनी धक्का दिला. आमच्या सौभाग्यवतींची नवी साडी मातीने माखली, त्याचा हिशेब अजून मिटलेला नाही. पण गाडी निघाली. त्या बांधवांना पैसे देऊ केले तर त्यांनी मान हलवली. शेवटी ताईने दोन भाकरी आणि ठेचा दिला, तो मात्र त्यांनी हसत घेतला.

पुढे भाच्याने पायपंपाने हवा पुन्हा भरली. कमी हवेवर टणक रस्त्यावर वेगाने गेले तर टायर तापतो, रिमवरून निसटतो. ही गोष्ट पुष्कळ जण विसरतात.

भाचीचे दोन शब्द

भाचीचे गाव म्हणजे समोरासमोर घरांच्या दोन ओळी आणि मध्ये रुंद वाट. कोरकू गावांची ही जुनी रचना. कुडाच्या भिंती शेणामातीने सारवलेल्या, अंगणात कोंबड्या. घरामागे मका आणि कुटकी. भाचीच्या खोलीत दोन खुर्च्या, एक लोखंडी कॉट आणि लसींचा थंड डबा.

जेवताना टायरचा विषय निघालाच. भाऊ बहिणीला मोठेपणाने सांगू लागला, "तुयासाठीच टाकतो बाई. रात्री-बेरात्री बाई अडली, तं नाला ओलांडून गाडी आली पायजे."

भाची थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "दादा, मागच्या भादव्यात एक बाळंतीण घेऊन आम्ही दुसऱ्या गाडीनं धारणीला निघालो होतो. तिला कळा सुरू. नाल्याला पूर. ड्रायव्हर म्हणे, माझी गाडी उंच आहे, काढतो. मी नाही म्हटलं. त्याच्याशी भांडले. दीड तास काठावर बसलो. पाणी उतरलं, मग गेलो. बाई आणि पोरगी दोघी वाचल्या. त्या वेळी मी त्याला हो म्हटलं असतं तर?"

खोलीत कोणी काही बोलले नाही.

ती पुढे म्हणाली, "मला उंच गाडी नको. मला हाक मारली की येणारी, ब्रेक मारला की थांबणारी, आणि आतल्या बाईला गचके कमी देणारी गाडी पाहिजे. पूर आला तर मी थांबेन. त्या बाईला दोन दिवस आधीच धारणीला नेऊन ठेवायचं, ते माझं काम."

आमच्या घरातली ही सर्वांत कमी बोलणारी मुलगी. त्या रात्री तिने जे सांगितले ते कोणत्याही दुकानात मला कुणी सांगितले नसते. वाहत्या पाण्याचा जोर फार असतो. दोन फूट वाहते पाणी मोठ्या जीपलाही उचलून नेऊ शकते. उलट टायर जितका मोठा आणि हवेने भरलेला, तितका तो पाण्यात तरंगायलाच बघतो. एका बोटाच्या उंचीवर विश्वास ठेवून पुरात उतरणारा माणूस स्वतःबरोबर इतरांनाही घेऊन जातो.

तिसरा पेपर

परतीच्या वाटेवर त्याच नाल्याने शेवटचा पेपर घेतला. भाच्याने या खेपेस चाक दगडावर नीट चढवले, पण उतरताना कडेच्या धारदार दगडाने टायरची बाजू चिरली. 'फुस्स' करून हवा गेली. नक्षीला पडलेले छिद्र पंक्चरवाला बुजवतो, पण बाजूला चीर पडली की टायर संपला. तिथे तार नसते, कापडाचेच थर असतात. भर पावसात स्टेपनी लावली. हात धुता धुता भाचा म्हणाला, "मामा, गाडी उंचीनं नाही अडली. एकडाव चिकटून अडली अन् एकडाव चिरून."

मला वाटते, हा संपूर्ण प्रवास त्या एका वाक्यासाठीच झाला.

निकाल

परतवाड्याला चाचांच्या दुकानात पुन्हा बैठक बसली. ठरले ते असे. माप जुनेच, २१५/७५ आर १५. पण जात बदलायची. गाडीबरोबर येतात ते टायर डांबरी रस्त्याचे. त्याऐवजी ज्यांना 'ऑल टेरेन' म्हणतात ते घ्यायचे. त्यांची नक्षी मोकळी, म्हणून माती झटकली जाते, आणि बाजू जास्त टणक. निव्वळ चिखलाचे, राक्षसी दातांचे टायर भाच्याला नकोत, कारण त्याचा बहुतेक धंदा डांबरी रस्त्यावर. तिथे ते आवाज करतात, लवकर झिजतात आणि ओल्या डांबरावर पकड कमी देतात.

चाचांनी गाडीखाली शिरून आणखी एक गोष्ट दाखवली. मागचे कमानपाटे एवढ्या वर्षांच्या ओझ्याने बसले होते. कमान सरळ झाली होती, एक पान तुटले होते. "गाडी लहान नाही झाली, थकली आहे," चाचा म्हणाले. पाट्यांना पुन्हा कमान भरली, तुटलेले पान बदलले, चारही शॉकॅब नवे टाकले, मागच्या ब्रेकचे लायनर बदलले. गाडीचा मागचा अंग एका बोटापेक्षा जास्त उचलला गेला! आसाचा गोळा त्याने वर जात नाही, हे खरे. तो केवळ टायरनेच उचलला जातो. पण डिझेलची टाकी, पायरी, सायलेन्सर सगळे वर गेले आणि भरल्या गाडीतही चाकाला मडगार्डमध्ये जागा मिळाली. कंपनीने दिलेली उंची आम्ही परत मिळवली, नवी विकत घेतली नाही.

मोठ्या टायरचा, रिमचा आणि मडगार्डचा खर्च धरला असता तर कर्ज दुपटीवर गेले असते. उरलेल्या पैशांतून बॅटरीवर चालणारा छोटा हवापंप, एक फावडे, जाड दोर आणि दोन फळ्या घेतल्या. मी जामीनदार म्हणून सही केली. या खेपेस हात थरथरला नाही.

वाचकांपैकी ज्यांच्या घरी अशी जुनी गाडी आहे, त्यांच्यासाठी मी त्या डायरीतून चार ओळी उतरवून देतो.

टायर घेण्याआधी त्याच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचा. समजा २३२४ लिहिले असेल, तर तो २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. स्वस्त म्हणून पाच-सहा वर्षे पडून राहिलेला टायर घेऊ नका. रबर न चालताही म्हातारे होते.

मापापुढचा भाराचा आकडा जुन्यापेक्षा कमी घेऊ नका. १०० म्हणजे एका टायरवर ८०० किलो, १०५ म्हणजे ९२५ किलो. प्रवासी गाडीत हा आकडा म्हणजे माणसांचा जीव.

माप वाढवायचेच असेल तर आधी गाडी भरून, एक चाक ठोकळ्यावर चढवून, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण कापून पाहा. रिकाम्या गाडीचे माप खोटे असते.

आणि टायरला दोष देण्याआधी गाडीखाली एकदा वाकून पाहा. पाटे, शॉकॅब, ब्रेक. बरेचदा दुखणे तिथे असते.

दसऱ्याच्या आसपास भाचीचा फोन आला. पावसाळ्यात दादाची गाडी पाच वेळा आली, एकदाही चिखलात बसली नाही असे नाही, दोनदा बसली. दोन्ही वेळा फळ्या टाकून निघाली. पुरात मात्र एकदा तासभर काठावर थांबली. "दादा स्वतःहून थांबला मामा, मला भांडावं नाही लागलं," ती म्हणाली.

भाच्याचे कर्ज अजून फिटायचे आहे. पण हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला जातो. जामीनदाराला झोप लागते.